पत्र वेळेवर पोंचलें असतें तर?

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं, कीं माजघरांत पानाचें तबक फिरतें, आणि मग ज्या विषयाशीं घरांतील कोणाचाहि अर्थाअर्थीं संबंध नाहीं अशा विषयावर मोठ्या हिरीरीनें वाद होतो, हें या सदराच्या वाचकांस आतां नवें राहिलेलें नाहीं. गेल्या महिन्यांत असाच एक वाद उपस्थित झाला, आणि तो तीन रात्रीं चालला. विषय होता रोमिओ आणि ज्युलिएट यांचा.

झालें असें, कीं दादांची नात यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षांत आहे. तिच्या वर्गास शेक्सपिअरचें हें नाटक लावलेलें असून प्राध्यापकांनीं निबंधास विषय दिला, तो असा: भिक्षु लॉरेन्सचें पत्र रोमिओस वेळेवर मिळालें असतें, तर त्या दोघांचा संसार टिकला असता काय? पोरीनें हा प्रश्न तबकाबरोबर मध्यें ठेवला आणि आपण वही उघडून भिंतीशीं बसली. निबंध घरच्या मंडळींकडून फुकटांत लिहून घ्यावा, असा तिचा बेत असावा, अशी आमची समजूत झाली.

कथानक बहुतेकांस ठाऊक असतें, परंतु त्यांतील दिवस कोणी मोजीत नाहीं. आम्हीं ते मोजून पाहिले. रविवारीं रात्रीं कॅप्युलेटच्या घरच्या मेजवानींत दोघांची दृष्टादृष्ट होते, आणि त्याच रात्रीं सज्जाखालीं आणाभाका होतात. सोमवारीं दुपारीं भिक्षूच्या मठींत लग्न लागतें. लग्नास तास लोटतो न लोटतो तोंच भर रस्त्यांत ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट हा रोमिओच्या हातून मारला जातो आणि रोमिओस हद्दपारीची शिक्षा होते. मंगळवारीं पहांटे नवराबायकोची ताटातूट. मंगळवारींच रात्रीं ज्युलिएट बेचाळीस तासांच्या मृतवत् निद्रेचें औषध घेते. बुधवारीं सकाळीं घरांत आकांत. आणि गुरुवारचा सूर्य उगवण्यापूर्वीं तळघरांतील थडग्यापाशीं सगळा कारभार आटोपलेला असतो. एकूण चार दिवस, आणि एकत्र घालविलेली रात्र एक. "आपल्याकडे नुसती साड्यांची खरेदी याहून अधिक दिवस चालते," असा शेरा आमच्या घरांतून आला, तो कांहीं खोटा नाहीं.

वहिनींनीं निकाल तत्काळ दिला. "पहिल्या दिवाळसणापर्यंत. त्यापुढें नाहीं." त्यांचें म्हणणें असें, कीं मुलगी तेरा वर्षांची, चौदावें लागावयास पंधरा दिवस अवकाश, मुलगा रिकामटेकडा, घरच्या पैशावर हिंडणारा, आणि राहावयाचें कोठें, तर मांतुआस, जेथें ओळखीचें माणूस नाहीं. ना सासर ना माहेर. "भावोजी, प्रेमाचें राहूं द्या. सकाळीं दूध कोणी आणायचें?" या प्रश्नास शेक्सपिअरच्या कोणत्याहि टीकाकारानें आजवर उत्तर दिलेलें आमच्या वाचनांत नाहीं.

दादा वकिलीतून निवृत्त झाले आहेत, पण वकिली त्यांच्यांतून निवृत्त झालेली नाहीं. त्यांनीं प्रश्नाचे दोन तुकडे केले. टिकणें निराळें आणि सुखानें टिकणें निराळें. पहिल्यापुरतें उत्तर उघड आहे: लग्न टिकलें असतेंच, कारण तें मोडण्याची सोय नव्हती. इटलींत घटस्फोटाचा कायदा झाला तो १९७० सालीं, आणि तो ठेवावा कीं काढून टाकावा यावर १९७४ सालीं सर्व देशाचें मत घ्यावें लागलें. रोमिओचा काळ तर मूळ इटालियन गोष्टींत बार्तोलोमेओ देल्ला स्काला याच्या अमलाचा, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अगदीं आरंभींचा धरलेला आहे. त्या काळीं वधूवरांनीं परस्परांस मनापासून वरलें, एवढ्यावर विवाह धर्मदृष्ट्या पक्का होत असे. पॅरिशचा धर्मगुरु व दोन-तीन साक्षीदार हवेतच, हा नियम ट्रेंटच्या धर्मसभेनें केला तो १५६३ सालीं. "तेव्हां भिक्षूनें मठींत चोरून लाविलेलें लग्न आईबापांस कितीहि कडू लागलें, तरी तें लग्नच," असें सांगून दादांनीं पान जुळविलें. पॅरिसशीं दुसरें लग्न लावणें हें ज्युलिएटला मरणाहून वाईट कां वाटलें, याचा उलगडा आम्हांस तेव्हां प्रथम नीट झाला. ती केवळ प्रेमाची एकनिष्ठा नव्हती. डोळ्यांदेखत घडूं पाहणारा अधर्म होता.

आपल्याकडेहि १९५५ च्या विवाहकायद्यापूर्वींचे जे संसार "टिकले" म्हणून आपण आज कौतुकानें सांगतों, त्यांपैकीं किती टिकले आणि किती नुसते अडकून राहिले, हा हिशेब कोणीं मांडलेला नाहीं. पण तें असो.

दुसरा तुकडा अवघड, आणि येथें रोमिओची बाजू सांभाळणें जरा कठीण जातें, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. रविवारीं सकाळीं हा तरुण दुसऱ्याच एका मुलीसाठीं उसासे टाकीत असतो. तिचें नांव रोझलिन. मेजवानीला तो जातो तोहि तिला पाहावयास! आणि रात्रीं सज्जाखालीं उभा असतो तो ज्युलिएटच्या. दुसऱ्या दिवशीं पहांटे भिक्षूकडे जाऊन लग्नाची घाई करतो, तेव्हां तो वृद्ध गृहस्थहि थक्क होतो आणि कालचे अश्रु अजून गालांवर वाळले नाहींत, अशा अर्थाचें त्यास सुनावतो. नाटककारास रोमिओ निर्दोष दाखवावयाचा असता, तर ही रोझलिन गाळून टाकणें अगदीं सोपें होतें. ती रंगभूमीवर एकदांहि येत नाहीं, एक अक्षर बोलत नाहीं. तरी त्यानें ती ठेवली.

आमच्या मतें याचें कारण तिच्या न बोलण्यांतच आहे. रोमिओ रोझलिनवर प्रेम करीत होता असें नव्हे. तो आपल्या दुःखावर प्रेम करीत होता, आणि त्या दुःखास नांव रोझलिनचें होतें. ज्युलिएटच्या वेळीं निराळें घडतें. तिच्याशीं तो पहिलें वाक्य बोलतो आणि तीं दोघें मिळून जें बोलतात, त्याचें चौदा ओळींचें एक पुरें सुनीत होतें. आरंभ त्याचा, उत्तर तिचें, शेवट दोघांचा. उत्तर देणारें माणूस त्यास आयुष्यांत प्रथमच भेटलें. नातीनें हें वहींत उतरवून घेतलें, तेव्हां आम्हांस थोडा अभिमान वाटला, हें लपवीत नाहीं.

तरी मुलाचा उतावळेपणा जात नाहीं तो नाहींच. हद्दपारीची बातमी ऐकून तो मठींत जमिनीवर लोळण घेतो, कट्यार उपसतो. भिक्षूस त्याला पोरकट बायकीपणाबद्दल झाडावें लागतें. शेवटीं थडग्यापाशीं तर ज्युलिएटच्या ओठांवर आणि गालांवर अजून लाली आहे, हें तो स्वतःच्या तोंडानें बोलतो, आणि तरी विषाची कुपी उघडतो. आमच्या सूनबाई डॉक्टर आहेत. त्यांना हा प्रसंग सहन होत नाहीं. "अहो, नाडी तरी पाहायची!" असें त्या इतक्या कळवळून म्हणाल्या, कीं जणूं रोगी त्यांच्याच दवाखान्यांत होता. थोडा वेळ थांबला असता तर ती जागी होणार होती. भिक्षु आला तो, नोकराच्या सांगण्याप्रमाणें, अर्ध्या तासाच्या अंतरानें.

मग उतावळा काय तो रोमिओच काय? वहिनींनीं मुलांच्या घाईवर ठपका ठेवला, तेव्हां आम्हांस म्हाताऱ्या कॅप्युलेटची आठवण झाली. हा गृहस्थ आरंभीं किती समजूतदार! मुलगी लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊं देत, शिवाय तिची संमति घ्या, असें तो पॅरिसला सांगतो. आणि घरांत बायकोच्या भाच्याचें सुतक असतांना हाच मनुष्य सोमवारीं रात्रीं उठून मुलीस न विचारतां गुरुवारचें लग्न ठरवितो. मंगळवारीं मुलगी वरपांगीं नमली तर आनंदाच्या भरांत तें बुधवारावर आणतो. या एका दिवसाच्या घाईनें भिक्षूचा सगळा बेत विसकटला. मुलगी नाहीं म्हणाली तेव्हां तिला रस्त्यावर भीक मागून मर म्हणणाराहि तोच. तेरा वर्षांच्या पोरीनें घाई केली तर तें अल्लडपण. पन्नाशी उलटलेल्या बापानें केली तर तिला आपण व्यवहार म्हणतों.

आणि टिकलेले संसार नाटकांत नाहींत, असेंहि नाहीं. ज्युलिएटच्या आईचेंच पाहा. ती स्वतः मुलीला सांगते, कीं तुझ्या वयांत मी तुझी आई झालें होतें. म्हणजे ती आज अठ्ठावीसच्या आसपास. आणि नवऱ्यास मुखवटे घालून नाचण्याचें वय सोडून तीस वर्षें झालेलीं. पहिल्याच प्रवेशांत तो भांडणासाठीं तलवार मागतो, तेव्हां ती चारचौघांत त्यास सांगते, कीं तुम्हांस आतां तलवार नको, कुबडी हवी. हा संसार उत्तम टिकलेला आहे. तो कसा टिकला, हें विचारण्यास कोणतेहि प्राध्यापक विषय देत नाहींत.

दुसऱ्या रात्रीं आमच्या आईनें वादांत भाग घेतला. तिचें वय आतां अठ्ठ्याऐंशी. नजर कमी झाल्यामुळें वहिनी तिला दुपारीं मंगेश पाडगांवकरांनीं केलेलें या नाटकाचें मराठी रूपांतर वाचून दाखवीत होत्या. स्वतः तिनें वडिलांना लग्नापूर्वीं पाहिलें तें एकदांच, पोह्यांची बशी पुढें ठेवतांना, आणि तेंहि खालमानेनें. ती म्हणाली, "त्यांचें पटलें असतें कीं नाहीं हें तुम्हीं सांगतां कशावरून? तीं भांडलीं कोठें आहेत? भांडण झाल्याशिवाय संसाराचें कांहीं कळत नाहीं."

आक्षेप बिनतोड होता. परंतु नातीनें वहीचें पान उलटलें आणि म्हणाली, "पणजीआजी, एकदां भांडलीं आहेत." आणि तिनें मंगळवारच्या पहांटेचा प्रवेश काढला. हा भाग आम्हीं अनेक वेळां वाचलेला, पण भांडण म्हणून कधीं वाचला नव्हता. वाचकांनीं तो या दृष्टीनें अवश्य पाहावा. बाहेर पक्षी बोलतो. रोमिओस उजाडण्यापूर्वीं शहर सोडणें भाग आहे. राहिला तर प्राण जातील. ज्युलिएट म्हणते, तो चंडोल नव्हे, तो रात्रीचा बुलबुल. अजून वेळ आहे. रोमिओ म्हणतो, चंडोलच, पूर्वेकडे पाहा. ती ऐकत नाहीं. तेव्हां तो म्हणतो, बरें, तूं म्हणतेस तसें. मी राहतों, मग मरण आलें तरी येवो. आणि हें ऐकतांक्षणीं ती आपला हट्ट सोडते: चंडोलच आहे, ऊठ, नीघ, आधीं नीघ!

म्हणजे काय झालें तें पाहावें. तो तिचें म्हणणें मान्य करतो आणि ती त्याचें. भांडणाच्या शेवटीं दोघांच्या जागा बदललेल्या असतात. कोण जिंकलें हें सांगतां येत नाहीं. आणि जें खरें होतें, म्हणजे उजाडलें होतें, तें दोघांसहि शेवटीं मान्य झालें. आमच्या स्वतःच्या संसारास आतां अडतीस वर्षें होतील. त्यांत असा समेट आम्हांस किती वेळां साधला, हें बोटांवर मोजतां येईल, आणि बोटें उरतील. (येथें पानाच्या तबकापलीकडून एक दृष्टिक्षेप आला, तो आम्हीं नोंदवून ठेवतों.)

ज्युलिएटविषयीं वहिनींचें मत पालटलें तें मात्र दुसऱ्याच एका जागेवरून. टिबाल्टला आपल्या नवऱ्यानें मारलें, हें कळल्यावर ती प्रथम रोमिओस वाटेल तें बोलते. पण दाई तिची री ओढून त्याला शिव्या देऊं लागते, त्याबरोबर ही उसळून दाईवर जाते. "हें बाकी खरें बायकोचें लक्षण," वहिनी म्हणाल्या. "आपण वाटेल तें बोलावें, दुसऱ्यानें बोललेलें खपवून घेऊं नये." दिवाळसणाची मुदत त्यांनीं त्या रात्रीं वाढवून दिली; किती, तें सांगितलें नाहीं.

हा प्रश्न केवळ आमच्याच माजघरांत निघाला असें नव्हे. लंडनमध्यें चार्ल्स राजा परत आल्यावर नाटकगृहें उघडलीं, त्या काळांत जेम्स हॉवर्ड नांवाच्या गृहस्थानें या नाटकाचा शेवट बदलून दोघांनाहि जिवंत ठेविलें होतें. आणि डाऊन्स या नाटकमंडळीच्या जुन्या माणसानें १७०८ सालीं लिहून ठेवल्याप्रमाणें, तें एक दिवस शोकान्त आणि दुसरे दिवशीं सुखान्त असें आळीपाळीनें लावीत. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह यानेंहि १९३५ सालीं आपल्या नृत्यनाट्यास सुखाचा शेवट दिला होता. जिवंत माणसें नाचूं शकतात, मरणोन्मुख माणसें नाचूं शकत नाहींत, असें त्याचें साधें कारण होतें. पुढें त्यास तो बदलावा लागला. मात्र या सुखान्तांत पडदा मीलनावर पडतो. दूध कोणीं आणलें, हें तेथेंहि कळत नाहीं.

शेक्सपिअरनें तें कळूं न देण्याची पुरती खबरदारी घेतली होती, असें आम्हांस वाटतें. त्यानें ज्या आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या दीर्घकाव्यावरून कथा घेतली, त्यांत लग्नानंतर हीं दोघें कित्येक आठवडे चोरून भेटत असतात, आणि मुलगी सोळाच्या घरांतली आहे. त्याआधींच्या इटालियन गोष्टींत ती अठराची आहे. शेक्सपिअरनें वय उतरविलें आणि आठवड्यांचे दिवस केले. कंटाळा येण्यास, रुसण्यास, एकमेकांच्या खोडी कळण्यास त्यानें वेळच ठेवला नाहीं. त्याचें स्वतःचें लग्न १५८२ च्या नोव्हेंबरांत झालें. तो अठरा वर्षांचा, बायको सव्वीसची, आणि पुढच्या मे महिन्यांत मुलीचें बारसें. पुढें त्याचा मुक्काम वर्षानुवर्षें लंडनला आणि बायकोचा स्ट्रॅटफर्डला. घाईचें लग्न किती वर्षें आणि कसें टिकतें, हें त्यास दुसऱ्या कोणास विचारावें लागलें नसेल.

तिसऱ्या रात्रीं आईनें विचारलें, "पण तो कागद पोंचला कां नाहीं?"

नातीनें सांगितलें. पत्र घेऊन निघालेला भिक्षु जॉन सोबतीस म्हणून दुसऱ्या एका भिक्षूला शोधीत एका घरीं गेला. तेथें सांथ असल्याचा संशय येऊन अंमलदारांनीं दोघांना आंत ठेवून दारें बंद केलीं. पत्र जसेंच्या तसें परत आलें. १८९७ च्या पुण्यांतल्या प्लेगाच्या गोष्टी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, आणि ज्या घरानें २०२० सालचीं बंद दारें स्वतः पाहिलीं, त्या घरास हें निराळें समजावून सांगावें लागलें नाहीं. "मग त्या बिचाऱ्याचा काय दोष!" असें सर्वांनीं म्हटलें.

आम्हीं कांहीं म्हटलें नाहीं. १९७९ सालीं आमच्या ताईनें एक पत्र आमच्या हातीं दिलें होतें. तें वडिलांना द्यावयाचें होतें. ती ज्या गृहस्थाशीं नोंदणीपद्धतीनें लग्न करणार होती, तो आपल्या जातीचा नव्हता. आणि वडिलांनीं हें बाहेरून ऐकण्यापूर्वीं आपल्याकडून ऐकावें, अशी तिची इच्छा होती. आम्हीं तेव्हां एकोणीस वर्षांचे. वडिलांच्या रागास भिऊन तें पत्र आम्हीं चार दिवस एका पुस्तकांत ठेविलें. पांचव्या दिवशीं वडिलांना बातमी कळली ती शेजाऱ्यांकडून. त्यानंतर अकरा वर्षें ते ताईशीं बोलले नाहींत. आमच्या घराचीं दारें कोणीं बाहेरून बंद केलीं नव्हतीं.

ताई आणि तिचे यजमान इंदुरास असतात. यजमानांना साखरेचा विकार आहे आणि ते मिठाईचा डबा शोधून काढतात. ती तो रोज नव्या जागीं लपविते. यावरून दोघांचें रोज भांडण होतें, असें दूरध्वनीवर दोघेंहि निरनिराळें सांगतात. ही हकीगत आम्हीं त्या रात्रीं माजघरांत सांगितली. ताईस ती ठाऊक होती. वडिलांना शेवटपर्यंत कळली नाहीं. आई बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, "त्या पत्रांत काय होतें?" आम्हीं तें फोडलें नव्हतें. तें अजून आमच्या कपाटांत आहे, हें ऐकल्यावर तिनें हात पुढें केला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तिनें तें वहिनींकडून वाचून घेतलें. आम्हीं त्या वेळीं मुद्दाम घराबाहेर होतों.

नातीनें निबंध दिला. ज्युलिएटनें संसार टिकविला असता, रोमिओस तो हळूहळू शिकतां आला असता, पण दोन्हीं घरांतील एका जरी वडीलधाऱ्या माणसाला ती सगळें सांगूं शकली असती तरच, असें कांहींसें तिनें लिहिलें आहे. आई, दाई, बाप, सगळीं दारें तिनें एकेक करून ठोठावलीं होतीं, आणि दाईनें सुद्धां शेवटीं पॅरिसशीं लग्न करून मोकळी हो, असाच सल्ला दिला, हा मुद्दा तिचा स्वतःचा आहे. आमच्यापैकीं कोणास तो सुचला नव्हता. निबंध वाचून झाल्यावर वहिनींनीं तिच्याकडे जरा निरखून पाहिलें. पोरीनें वही मिटली.

"त्या दाईचें पुढें काय झालें?" आईनें विचारलें.

नाटकांत तें सांगितलेलें नाहीं. ब्रुकच्या काव्यांत आहे: औषध विकणाऱ्यास फांशीं दिलें, भिक्षु आपण होऊन एका आश्रमांत जाऊन राहिला, आणि लग्नाची गोष्ट लपविल्याबद्दल दाईला हद्दपार केलें.

"आणि बापांना?"

"त्यांना कांहीं नाहीं, पणजीआजी. ते दोघे पुतळे उभारतात."

आईनें हुंकार दिला आणि पान कुटावयास खलबत्ता मागितला.